लेथमास्तर परीक्षेला बसतात

तंत्रनिकेतनात सगळे त्यांना लेथमास्तर म्हणत. तीस वर्षांपूर्वी त्या जागेवर नुसतं एक गोदाम होतं. शेजारच्या कारखान्यात नवख्या कामगारांची बोटं तुटायची, म्हणून तिथल्या फोरमनने सुट्टीच्या दिवशी वर्ग काढला. शिकायला होतं एकच, मोडीत निघालेलं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र. मास्तर त्या वर्गात आधी शिकले, मग शिकवू लागले. पुढे वर्गाची शाळा झाली, शाळेचं तंत्रनिकेतन झालं, तीन वर्षांची पदविका सुरू झाली. मास्तर मात्र सातवी पासच राहिले.

आणि एके दिवशी पत्र आलं. पदविका नसलेल्या शिक्षकांनी वर्षभरात गणित आणि आरेखनाची परीक्षा द्यावी, नाहीतर भांडारात बदली.

भांडारात म्हणजे खिळे मोजत बसायचं! आरेखनाची त्यांना भीती नव्हती. गणिताचं पुस्तक उघडलं की मात्र घाम फुटायचा.

त्यांची भाची तिथेच दुसऱ्या वर्षाला होती. तिने शिकवायचं कबूल केलं आणि पहिल्याच दिवशी डोळे वटारले.

"मामा, उत्तर बरोबर आहे. पण आलं कसं?"

"अगं, निमुळता दांडा आहे ना, त्याचा कोन एवढाच असणार. हाताला कळतं."

"परीक्षक तुमचा हात तपासणार नाहीत. पायऱ्या लिहा."

मास्तर निमूटपणे पायऱ्या लिहू लागले. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि ओठ सूत्र पुटपुटायचे. बायको म्हणाली, "अहो, मुलीच्या लग्नातसुद्धा तुमची एवढी तारांबळ उडाली नव्हती."

परीक्षेच्या दिवशी ते दालनात शिरले तशी मुलं उठून उभी राहिली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मास्तर, पर्यवेक्षकांची खुर्ची तिकडे आहे."

"माझा नंबर तुझ्या मागेच आहे, बाळ," मास्तर म्हणाले आणि खाली बसले. कान तापले होते. प्रश्नपत्रिका आली, पण अक्षरं डोळ्यांपुढे नाचायला लागली. अर्धा तास त्यांनी नुसता पेन धरून काढला.

आरेखनात ते वर्गात पहिले आले. गणितात दांडी उडाली.

"मी भांडारातच जातो," ते भाचीला म्हणाले. "पोरांपुढे आणखी शोभा नको."

"पोरं काय म्हणतात माहीत आहे? मास्तर नापास होऊनही दुसऱ्या दिवशी वेळेवर वर्गावर आले, म्हणतात. एक संधी अजून आहे, मामा. मला तोंडघशी पाडू नका."

सहा महिन्यांनी ते पुन्हा बसले. निकालाच्या दिवशी फलकाकडे जायचा धीर होईना, म्हणून लेथला तेल घालत राहिले. भाची धावत आली. काठावर, पण पास!

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा फळ्यावर सूत्र लिहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मास्तर, हे सूत्र मुळात आलं कुठून?"

ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"उद्या सांगतो," ते म्हणाले, आणि मधल्या सुट्टीची घंटा होताच भाचीचा वर्ग शोधत निघाले.