रुईच्या पानाखालचा कोष

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मुलांनाही माहीत नाही.

खडकीत आमच्या इमारतीमागे मोकळा प्लॉट आहे. चैत्रात तिथलं गवत पार वाळतं, पण एकदांडीची बारीक फुलं तग धरतात आणि रुई तर भर उन्हातच फुलते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी पत्नी घराबाहेर पडेनाशी झाली होती. एकदा तिला गॅलरीतून त्या रुईवर काळे भुंगे दिसले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती काठी टेकत रोज खाली जाऊ लागली. मलाही ओढून न्यायची.

"अहो, पेपर पळून जात नाही. हा भुंगा बघा, बसला की अख्खा घोस वाकतो. तुम्ही सोफ्यावर बसता तसा."

त्याच झाडावर पट्टेरी अळ्या होत्या. त्यातल्या एकीने पानाखाली कोष केला. हिरवट, गुळगुळीत, मण्यासारखा. त्यातून फुलपाखरू निघताना तिला बघायचं होतं. जिना उतरायला तिला तेवढं कारण पुरत होतं.

हनुमान जयंतीचा रुईच्या पानांचा हार देवळात मी द्यायचो. पानं आणायला एरवी नदीकडे जायचो. त्या वर्षी आदल्या संध्याकाळी कंटाळा केला आणि मागच्या झाडाचीच पानं ओरबाडली. कोषाचं पान हातात आलं तेव्हा क्षणभर थांबलो. पान मोठं होतं, कुठे कुरतडलेलं नव्हतं. कोष बोटाने उडवला आणि पान पिशवीत टाकलं.

सकाळी ती खाली गेली आणि लगेच वर आली.

"झाड भुंडं केलंय कुणीतरी."

"शेळ्या आल्या असतील," मी म्हणालो.

"रुई खाणारी शेळी? दाखवा मला एकदा. सत्कार करू तिचा."

मी हसलो. दुपारी माझा आदल्या दिवशीचा शर्ट तिनेच भिजत घातला. बाह्यांवर रुईच्या चिकाचे डाग होते.

रुई पुन्हा पालवली, भुंगेही आले. मी म्हटलं, चल, खाली जाऊ. "तुम्ही जा. मला जिना झेपत नाही." त्यानंतर ती खाली उतरली ती फक्त डॉक्टरकडे जाण्यासाठी.

शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून मी कितीदा तरी "अगं, ती पानं..." अशी सुरुवात केली, आणि ती माझ्याकडे वळली की विचारलं, "पाणी देऊ का?"

म्हणायचं एवढंच होतं. ती पानं मी तोडली. कोष मला दिसला होता. चुकलो गं मी.