दवाखान्याचा कठडा

आमच्या भागातल्या दवाखान्याला सात पायऱ्या आहेत. कडेच्या लोखंडी कठड्याचा हिरवा रंग नेमका तिसऱ्या पायरीपाशी उडालाय. तिथंच का, हे कोडं मला रोज थांबवतं; कारण त्या कठड्यात माझीही थोडी देणगी आहे.

आई गेल्यावर मी भागातल्या लोकांनी भागासाठीच उभ्या केलेल्या निधीत पैसे दिले. मनात आईच्या नावाचा बाक होता. निधीच्या शेलारबाई घरोघर विचारून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बसायला जागा आहे हो लोकांना. चढायला आधार नाही." मग सगळ्यांच्या देणग्यांतून कठडा झाला. नाव कुणाचंच नाही.

बायको म्हणाली, "बरं झालं. बाकावर आईंच्या नावाखाली तुमचं दुप्पट मोठं आलं असतं."

हे खरं असल्यामुळे मी आणखी एक पोळी मागून घेतली.

पण यातली माझी देणगी कुठली? एखादा गज? एखादा स्क्रू? काल वाकून तेच शोधत होतो, तर मागून एक आजी ओरडल्या, "अहो दादा, सरका की! ही पायरी उंच आहे. तिथं धरल्याशिवाय माझा गुडघा उचलत नाही."

त्यांच्या पायाला पट्टी होती. "एकट्याच आलात?" मी विचारलं.

"मग! कठडा नव्हता तेव्हा सून कामावरून येईस्तोवर दवाखाना बंद व्हायचा. जखम तशीच चिघळायची."

मी सरकलो. रंग उडालेल्या जागी हात ठेवून त्या वर गेल्या. कुणी बघत नाही असं पाहून मीही तिथंच हात ठेवला. लोखंड अजून कोमट होतं.