साडूभाऊंचा रुंद रस्ता

देशाची प्रगती कशी होते हे सांगून सांगून सगळ्या नातेवाइकांना थकवणारा माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे सुटका नाही. साडूभाऊ अर्थशास्त्रज्ञ, पीएच.डी. झालेले. त्यातही आर्थिक वाढ आणि विकास हा त्यांचा खास विषय. आयुष्यभर त्यांनी तो कॉलेजात शिकवला, भोपाळ-दिल्लीच्या समित्यांपुढे मांडला आणि उरलेला आम्हाला ऐकवला. माझ्या नातवाच्या बारशाला बायका बाळाच्या वजनाचं कौतुक करत होत्या, तर हे पाळण्यात डोकावून म्हणाले, "ही नुसती वाढ झाली. विकास अजून दिसायचाय." माझी सून आजही त्यांच्या चहात साखर घालायला विसरते.

देवास गेटला पोहे खायला गेलं, की दुकान वाढवायला काय अडतं, मुलगा काय शिकतो, असं ते पोहेवाल्यालाच विचारत बसतात. मागे रांग लागते. "भिया, पेले खा लो, फिर पूछ लेना," तो कंटाळून म्हणतो. मी जिलबीचा कागद धरून बाजूला उभा. या वयात उभंही फार राहवत नाही.

पण त्यांचा खरा जीव रस्त्यांवर. शहर पुढे न्यायचं तर रस्ते रुंद हवेत, असं त्यांनी इतक्या अहवालांत लिहिलं, की शेवटी कुणीतरी ते वाचलं. गेल्या वर्षी रुंदीकरण निघालं ते नेमकं त्यांच्याच गल्लीत, आणि पाडकामाची लाल खूण पडली ती त्यांच्या बाहेरच्या खोलीवर. त्या खोलीत माई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आसपासच्या मुलींना पेटी आणि गाणं शिकवायच्या. मूलबाळ नसलेल्या त्या घरात तेवढीच काय ती किलबिल.

शेजारी जमून आले. "डाक्साब, आप एक बार बोल दो. आपकी बात मानेंगे."

साडूभाऊंनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "चौड़ी करने को बोला तो मैंने ही था, भिया. अब किस मुँह से मना करूँ?"

"मग मी क्लास काय चौराह्यावर लावू?" आतून माई म्हणाल्या.

खोली गेली. रस्ता झाला आणि चांगला झाला, खोटं कशाला बोलू? माईंनी पेटी आतल्या खोलीत नेली. पण मुली येईनात. एवढ्या गाड्यांतून पोरींना पाठवायचं कसं, असं पलीकडच्या आया म्हणायच्या. माई रिकाम्या सतरंजीवर बसून राहायच्या. साडूभाऊ आतबाहेर करायचे, बोलायचे काही नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं मला त्यांच्या भाषणांपेक्षा जड गेलं.

परवा संध्याकाळी नानाखेड्यातल्या माझ्या घरून त्यांच्याकडे गेलो, तर साडूभाऊ भर रस्त्यात. एक हात गाड्यांना दाखवलेला, दुसऱ्या हाताला दोन चिमुरड्या. मोटरसायकलवाले हॉर्न मारत होते. मुलींना दारात सोडून ते पुन्हा पलीकडे निघाले. चेहरा घामाने निथळत होता.

"साडूभाऊ, दमलात. घटकाभर टेका," मी म्हटलं.

"कसा टेकू? बाकीच्या तिकडे उभ्या आहेत. आणि या बाजूला थांबवलं, तर त्या बाजूचे थांबत नाहीत हो."

मला त्यांची फार माया आली. आत माईंनी सूर धरला होता. मी हातातली पिशवी पायरीवर ठेवली, रस्त्यात उतरलो आणि त्या बाजूच्या गाड्यांना हात दाखवला.