दहा ठोके

माझ्या मावशीने उभ्या जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही. तिला ओळखणारं कुणीही हेच सांगेल, आणि मलाही ते खोडता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. बाई वाईट असती तर चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते.

मी सहा वर्षांची असताना आई गेली. मावशी तेव्हा जेमतेम पंचविशीची. एका पिशवीत माझे कपडे कोंबून ती मला घरी घेऊन आली. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, आयतं पोर मिळालंय, आता नवरा कशाला हवा. मला वाढवायचं तर नोकरी हवी, म्हणून ती एका होमिओपॅथीच्या दवाखान्यात लागली आणि तिथेच तिचे केस पिकले.

दवाखान्यात तिची खोली म्हणजे खिडकी असलेलं कपाटच. भिंतभर लाकडी खण, खणात तपकिरी बाटल्या. डॉक्टर आतून चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून पाठवत. मावशी काचेच्या कुपीत साखरेच्या गोळ्या भरायची, वर चार थेंब टाकायची, बूच लावायची आणि औषधाचा गुण वाढावा म्हणून कुपी एका जाडजूड जुन्या पुस्तकावर दहा वेळा ठोकायची. दहा म्हणजे दहा. मध्येच फोन वाजला तर पुन्हा एकपासून. घरी साखरेचा डबा भरतानासुद्धा हात तसाच चालायचा, आणि मी तिला चिडवायची, की साखर आता लागू पडणार बघ.

नव्या पेशंटचा कागदही तीच भरायची. झोप कशी, भूक कशी, पोरगं कशाला घाबरतं, सगळं टपोऱ्या अक्षरात. आणि फोनही तीच घ्यायची. औषध सुरू केल्यावर त्रास वाढला असं सांगणारे फोन रोजच यायचे. त्यावर डॉक्टरांनी तिला एक उत्तर शिकवून ठेवलं होतं: वाढलंय ना? मग औषध लागू पडतंय, थोडं थांबा. अठ्ठावीस वर्षांत ते वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. ती झोपेतही म्हणू शकली असती.

आता माझ्या ठकीचं सांगते. ठकी माझी एकुलती एक लेक, तेव्हा नऊ वर्षांची. बाई शिकवत असताना ही खिडकीबाहेर बघत बसते, निम्मी वाक्यं लिहिते, हाक मारली तर ओ देत नाही, अशी शाळेची तक्रार. वर्गाच्या बाईंनी मला सगळ्या पालकांसमोर सुनावलं, की मुलीला लक्ष नावाची गोष्टच नाही. मी घरी येऊन पोरीला बदडलं. आज तो हात तोडून टाकावासा वाटतो.

मावशी म्हणाली, आण तिला आमच्याकडे. असल्या मुलांची तिथे रांग लागायची: कुणी एका जागी बसत नाही, कुणी पाटी-पुस्तक फेकतं. गोड गोळ्या, बाधा काही नाही, आणि डॉक्टर तासभर ऐकून घेणारे. शाळेत मला दोन मिनिटं कुणी बोलू दिलं नव्हतं. इथे एक म्हातारा माणूस हातावर हनुवटी टेकून माझं सगळं ऐकत होता. मला तिथेच अर्धं बरं वाटलं. ठकीला गोळ्या आवडल्या, जास्तीच्या चोरून खायची.

तीन महिने झाले. मग ठकीचं ते हरवणं वाढलं. घास हातात धरून थांबायची, डोळे वर, पापण्या फडफडताहेत, आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही असा घास तोंडात. दिवसातून पंधरा-वीस वेळा. हिचा बाप म्हणाला, मला हे काही बरं दिसत नाही, आणि ओळखीपाळखी काढून त्याने मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी मावशीला फोन केला.

"वाढलंय ना?" मावशी म्हणाली. "मग औषध लागू पडतंय. थोडं थांब."

तिच्या शब्दावर मी लहानाची मोठी झाले होते. इस्पितळातली वेळ रद्द करणारा फोन मीच केला. नवऱ्याशी चार दिवस भांडले, तुम्हाला माझ्या माणसांचं कधी पटतच नाही म्हणून.

पुढच्या पंधरवड्यात शाळेतून येताना ठकी रस्त्याच्या मधोमध थांबली. कोपऱ्यावरचा शिंपी सांगत होता, पळाली नाही, अडखळली नाही, पोरगी नुसती उभी राहिली. त्याने हाका मारल्या, टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला, पण तिला त्यातलं काही ऐकूच गेलं नाही. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरीण बाईंनी ठकीच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं आणि म्हणाल्या, फुंकत राहा. मिनिटभरात भिरभिरं थांबलं. ठकीचे डोळे वर गेले. बाईंनी मला सांगितलं, हा आकडीचाच एक प्रकार आहे, लक्ष नसण्याशी याचा संबंध नाही. सकाळ-संध्याकाळ एक गोळी सुरू केली आणि महिनाभरात सगळं थांबलं. एवढंसं औषध होतं.

आधीच्या दवाखान्याचे कागद आणा, असं त्या म्हणाल्या होत्या. तोवर मावशी रोज इस्पितळात येऊन ठकीच्या उशाशी बसत होती. अपघातानंतर तेराव्या दिवशी ती कामावर परत गेली, आणि त्याच दिवशी मी कागद आणायला गेले. दवाखान्यातल्या पोरीने फाइल काढून दिली. बाकावर बसून मी ती उघडली. पहिल्याच पानावर, पहिल्या दिवसाची तारीख घालून, मावशीचं टपोरं अक्षर: 'बोलता बोलता थांबते. पापण्या फडफडतात. मी कुपी ठोकत होते, तिसऱ्या ठोक्याला गेली, दहाव्याला परत आली. हाक मारली, ऐकू गेली नाही.' खाली डॉक्टरांचा एकच शब्द होता: 'स्वप्नाळू'.

काखेत कळसा म्हणतात तो हा. शाळेला दिसलं नाही, बापाला उशिरा दिसलं, मी तर पोरीला मारलं. आणि हिने पहिल्याच दिवशी मोजून लिहून ठेवलं होतं.

तेवढ्यात खिडकीमागे फोन वाजला. मावशी माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिने हातातली कुपी खाली ठेवली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाढलंय ना? मग औषध लागू पडतंय. थोडं थांबा."

फोन ठेवून ती वळली, आणि तिला मी दिसले.

मी फाइल खिडकीतून आत सरकवली. "हे तुझंच अक्षर ना?"

"माझंच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने चष्मा काढला, पुन्हा घातला. "डॉक्टरांनी खाली लिहिलं ना गं. मला वाटलं, त्यांना कळलंय."

"आत्ता कुणाचा फोन होता?"

कुणी एक आई होती, पोरगं एकटक बघत राहतं म्हणत होती, नाव मी विचारलंच नाही, असं ती पुटपुटली. त्या जुन्या फोनवर नंबर दिसत नव्हता.

मग तिने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते. तिने मुलांच्या सगळ्या फाइली ओट्यावर ओढल्या आणि पहिला नंबर फिरवला. आत्ता तुम्ही फोन केला होता का? नाही? मग दुसरा. प्रत्येकीला सांगत होती, मुलाचं वाढलं असेल तर थांबू नका, मोठ्या डॉक्टरांकडे न्या. विसाव्या फोनला डॉक्टर बाहेर आले. आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग म्हणाले, उद्यापासून येऊ नका. ती मान हलवत पुढचा नंबर फिरवत होती. शेवटी त्यांनी तार उपटली. मावशीने उरलेले नंबर कागदावर उतरवले, आणि आम्ही दोघी माझ्या घरी येऊन संध्याकाळपर्यंत फोन लावत बसलो. एकशे चौदा मुलं होती. फोन मीच केला, असं कुणीच म्हणालं नाही. सात नंबर लागलेच नाहीत.

याला आता वर्ष झालं. ठकी लाकडी पायावर शाळेत जाते, आणि बाई म्हणतात, लक्ष चांगलं आहे. मावशी आमच्याकडेच राहते. ठकीचा पट्टा बांधते, उरलेल्या पायाला तेल लावते. तिला माफ केलंस का, असं लोक मला विचारतात. लोकांना काय, विचारायला पैसे पडत नाहीत. मी माझं मलाच केलेलं नाही, तर तिला कुठून करू.

रोज दुपारी जेवणं झाली की मावशी तो कागद काढते आणि ते सात नंबर ओळीने लावते. पाच तर बंदच झालेत. दोन नुसते वाजत राहतात. दहा वेळा वाजू देते, मग ठेवते.