आहुप्याच्या चढावर गिअरबॉक्सचं तेल

पोलिओमुळे माझ्या डाव्या पायाला क्लच दाबता येत नाही. म्हणून २००४ साली जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि एप्रिलमधल्या एका सकाळी पुण्याहून आहुप्याला निघाले. शहराबाहेर एकटीनं गाडी नेण्याची ही पहिलीच वेळ. तिथला कडा बघून उजेडात परतायचं ठरवलं होतं.

मंचरला चहा घेतला, घोडेगाव मागे पडलं, डिंभे धरणाचं आटलेलं पाणी दिसू लागलं. पुढच्या चढावर मात्र इंजिन नुसतंच ओरडू लागलं. गाडी पुढे सरकेना. जळका वास आला. उतरून वाकून पाहिलं, तर लालसर तेल ठिबकत होतं. गिअरबॉक्सचं तेल थंड होण्यासाठी ज्या रबरी नळीतून रेडिएटरकडे जातं, ती टोकाला चिरली होती. तेल घटल्यामुळे पंपाला दाब धरता येत नव्हता, आणि दाबाशिवाय गिअर धरत नाही. गाडीचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, म्हणून एवढं कळलं.

रस्त्याकडेला हौसाबाई नावाच्या बाई बाळहिरडा (कोवळे औषधी हिरडे) वाळवत होत्या. त्यांनी एका ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली.

"दोर बांधू. घोडेगावापातूर वढत नेतो," तो म्हणाला.

"नको. इंजिन बंद असलं की हिचा पंप फिरत नाही. आतले गिअर कोरडे घासतील."

"आमी लई गाड्या वढल्यात, ताई."

"ही नाही ओढायची."

तो वैतागून निघून गेला. मग मी एका वडापवाल्याकडे (सीटा भरल्या की सुटणाऱ्या जीपच्या चालकाकडे) घोडेगावच्या मेकॅनिकसाठी निरोप दिला. आपण हट्टापायी चुकलो का, असं वाटत राहिलं. हौसाबाईंनी भाकरी-चटणी पुढे केली.

"एकलीच आलीस?"

"हो."

"मंग पोटभर खा."

दोन तासांनी मेकॅनिक शंकरभाऊ मोटारसायकलवर आले. "असली गाडी आपन कदी खोलली न्हाई," त्यांनी आधीच सांगितलं. मी पंपाचं समजावलं, तसे ते म्हणाले, "मंजी ट्रॅक्टरच्या लिफ्टवानी. तेल कमी पडलं की नांगर उचलत नाय."

त्यांनी नळीचं चिरलेलं टोक कापलं, उरलेली नळी नव्या क्लिपनं आवळली. ट्रॅक्टरचं तेल ओतणार, तेवढ्यात मी डिकीतून या गाडीचं तेल काढून दिलं. तेल ओतल्यावर मी इंजिन सुरू केलं. तेलाची पातळी बघण्याआधी ते बंद करायला शंकरभाऊ निघाले.

"चालूच ठेवा. हिची तेल मोजायची काडी चालू इंजिनावर बघतात."

प्रत्येक गिअर टाकून पाहिला. तेल खुणेवर आलं.

"नळी टिकेल?"

"टिकंल. पर चढाला दामटू नका. मदी थांबून तेल निवू द्या."

मी गाडी परत वळवली नाही. दोनदा थांबत, हळूहळू चढत तीनच्या सुमारास आहुप्याला पोचले. कड्याखाली कोकण धुरकट पसरलं होतं. दहाच मिनिटं उभी राहिले, पण राहिले.

उतरताना घोडेगावात थांबले. मी न सांगताच शंकरभाऊंनी इंजिन चालू ठेवून काडी बघितली. "बरुबर हाय. जावा आता."

घरी आल्यावर दोन दिवस मी सगळ्यांना तेल, पंप आणि नळीबद्दलच सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी बहिणीनं विचारलं, "अगं, पण कडा कसा होता?" तेल-नळी सोडून मी तिला कड्याचं सांगू लागले. तो मी माझी मी जाऊन पाहिला होता.