सुभेदारांचे दात आणि रॉबीभैयांचा बास

"मॅडमजी, इसमें वो बड़ा वाला बाजा है किधर?"

विभोरजींनी फोन कानाला लावला, मग तोंडासमोर धरला, मग पालथा करून बघितला. बास मागच्या बाजूने गळून पडला असेल असं वाटलं असावं. मी म्हटलं, "फोनवर नाही ऐकू यायचा. इकडे माझ्या स्पीकरसमोर या."

"लेकिन पब्लिक तो फोन पे ही सुनती है ना!"

झालं. इथेच माझं डोकं फिरलं.

मी रेकॉर्डिस्ट. रेडिओतली नोकरी संपली आणि झाशीत प्रेम नगरच्या घरातच मागच्या खोलीत स्टुडिओ काढला. भिंतींना जुन्या गाद्या, वर पंखा, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की तोही बंद. येणारं काम म्हणजे देवीची भजनं, निवडणुकीची गाणी आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती. जॅझ पहिल्यांदाच आलं, तेही विभोरजींच्या कृपेने. त्यांच्या सासऱ्यांनी कानपूर रोडला, चिरगाँवच्या अलीकडे, हॉटेल बांधलं. लॉबीत कुठलं म्युझिक वाजवायचं हे जावईबापूंकडे. ते मला म्हणाले होते, "सॅक्स बजता है ना, तो लगता है अंदर एसी चल रहा है." आता याच्यावर काय बोलणार?

सॅक्स वाजवणारे आमचे सुभेदारसाहेब. मूळचे साताऱ्याचे, फौजी बँडमधून रिटायर झाले आणि इथेच राहिले. सकाळी परेडच्या धुना आणि संध्याकाळी ऑफिसर्स मेसमध्ये जॅझ, असं आयुष्य गेलं. त्यांच्या जोडीला रॉबीभैया. रेल्वेत गार्ड होते, आणि रेल्वे क्लबच्या डान्सला डबल बास वाजवायचे. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन समजा, उभं राहून बोटांनी छेडायचं. मेसमध्ये दोघांनी कितीतरी वर्षं एकत्र वाजवलं आणि समोरच्यांनी कितीतरी वर्षं जेवण केलं. रेकॉर्डिंग एकदाही कुणी केलं नाही.

आणि आता तर घाईच होती. सॅक्सोफोन नुसता फुंकून वाजत नाही. वरचे पुढचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवून धरावे लागतात, खालच्या ओठाने पत्तीला आधार द्यावा लागतो. ही पत्ती बोरूची असते. ती थरथरली की सूर निघतो. सुभेदारांचे नेमके वरचे पुढचे दात हलायला लागले होते आणि सोमवारी ते काढायचे होते. कवळी लावून पुन्हा वाजवायला शिकायचं म्हणजे महिनोन्महिने जातात, आणि सुभेदारांची सत्तरी उलटलेली. "ताई," ते मला म्हणाले, "जे काय व्हायचं ते सोमवारच्या आत. आणि रॉबीबरोबर. एकट्याचं नको."

हे सगळं मी विभोरजींना एकदा नाही, तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ते "बिलकुल, बिलकुल" म्हणाले.

शनिवारी सकाळी रॉबीभैया ई-रिक्षातून बासला मिठी मारून आले. दोघं एकाच खोलीत समोरासमोर उभे राहिले. रॉबीभैयांनी चाल धरली. एकेका ठोक्याला एकेक सूर, जाडजूड, घाई म्हणून नाही. सुभेदार त्याच्यावर जरा रेंगाळत, उशिरा उतरत वाजवत होते. मध्येच दातातून कळ गेली असावी, कारण ते एकदम थांबले. मी मनात म्हटलं, गेला टेक! पण रॉबीभैयांनी डोळे वर न करता ती मोकळी जागा एकट्याने चालून काढली आणि शेवटी एका सुरावर उभे राहिले. सुभेदारांनी तोच सूर उचलला आणि पुढे निघाले. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

असा तो टेक. आणि दुपारी येऊन विभोरजी तो नखाएवढ्या स्पीकरवर ऐकत होते! अहो, फोनच्या स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत. बास त्यात कुठून येणार?

"सुनाई नहीं देता तो निकाल दीजिए," विभोरजी म्हणाले. "नीचे कीबोर्ड का रिदम डाल देंगे."

"निघणार नाही," मी म्हटलं. "एका खोलीत वाजवलंय. बासचा आवाज सॅक्सच्या माइकमध्येही शिरलाय. आमच्यात याला लीकेज म्हणतात."

"लीकेज? तो मॅडमजी, रिपेअर कराइए!"

मी कपाळावर हात मारला. रॉबीभैयांनी मात्र बासला खोळ घातली. "कोई बात नहीं दीदी. मेस में भी किसने सुना था." ते इतकं साधं बोलले की मला रडूच फुटायचं बाकी होतं. रागाने की कशाने, कोण जाणे.

मग तो उद्योग झाला. सुभेदार एकटे उभे राहिले, कानात हेडफोन आणि हेडफोनमध्ये क्लिक. क्लिक म्हणजे टक-टक-टक असा मशीनचा ठोका. त्याच्याबरोबर वाजवायचं, म्हणजे नंतर खाली काहीही चिकटवता येतं. त्यांना मी म्हटलं, "नाही म्हणा." ते म्हणाले, "ताई, आम्हाला विचारणारा हा पहिलाच माणूस आहे. निदान सॅक्स तरी राहील." आणि वाजवलं. एक सूर चुकला नाही, एक ठोका हलला नाही. परेडला चालून गेल्यासारखं वाजवलं, जीव म्हणून त्यात नव्हता. संपल्यावर त्यांनी वाद्याचं तोंड रुमालाने पुसलं तर रुमाल लाल. विभोरजी टाळ्या वाजवत होते. "परफेक्ट! पहले वाला डिलीट कर दीजिए."

मी "जी" म्हटलं. आमच्या धंद्यात क्लायंटने डिलीट म्हटलं की आम्ही जी म्हणतो आणि फोल्डरचं नाव बदलतो.

सोमवारी सुभेदारांचे दात निघाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विभोरजींचा फोन. हॉटेलच्या लॉबीत मोठे स्पीकर बसले होते. सासऱ्यांनी कीबोर्ड चिकटवलेलं ते सॅक्स ऐकलं आणि विचारलं, "ये किसका मोबाइल बज रहा है?"

"मॅडमजी, साउंड खोखला लग रहा है. वो बास वाले अंकल को बुलाकर बास डलवा दीजिए ना."

चार शब्द सुनावायचे फार मनात होतं. पण मी म्हटलं, "करते काहीतरी," फोल्डर उघडलं आणि शनिवारचा टेक जसाच्या तसा पाठवून दिला. तासाभरात उत्तर आलं. "वाह! अब मॉडर्न लग रहा है. देखा, मैंने बोला था ना?" हो बाबा, तूच बोलला होतास! क्लायंटशी वाद घालून कधी काही होत नाही. त्याच्या सासऱ्याची वाट बघावी.

उद्घाटनाला दोघांना बोलवा, एवढं मात्र मी धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते सोफ्यावर बसले होते आणि वाजवत दुसरंच कुणी होतं, म्हणजे तेच. शोभेला म्हणून विभोरजींनी दोघांची वाद्यंही मागवून शेजारी ठेवली होती. लोक पनीर टिक्का खात होते. सुभेदार मान खाली घालून ऐकत होते. ती थांबायची जागा आली, बास एकटा चालत गेला, आणि त्यांनी रॉबीभैयांचा हात धरला.

"तुम इतना बजाते थे?" सुभेदार बोळक्या तोंडाने म्हणाले. "मुझे तो अपना ही सुनाई देता था."

"और नहीं तो क्या, साहब," रॉबीभैया म्हणाले. "मैं वहाँ मटर पनीर खाने आता था?"

दोघं हसत सुटले. इतक्यात विभोरजी माइक घेऊन आले. "लेडीज़ अँड जेंटलमेन, आमच्यात एक लेजंड बसले आहेत" या अर्थाचं काहीबाही इंग्रजी झालं आणि माइक सुभेदारांपुढे आला. "अंकलजी, दो मिनट लाइव हो जाए?"

सुभेदारांनी नुसतं तोंड उघडून दाखवलं.

विभोरजी जरा मागे सरकले. पण हार मानतील तर ते विभोरजी कसले! "कोई नहीं, फोटो के लिए सॅक्स हाथ में पकड़ लीजिए."

"इनका लीजिए," सुभेदारांनी रॉबीभैयांना पुढे ढकललं. "इनके दाँत सलामत हैं."

तो फोटो अजून लॉबीत लावलेला आहे. रॉबीभैया, शेजारी डबल बास, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'सॅक्सोफोन'. मी काही बदलायला सांगितलं नाही. वर स्पीकरमधून दोघंही नीट ऐकू येतात. माझं काम तेवढंच.