माझी शुगर अप्पांच्या नावावर

म्हाताऱ्या माणसांचे कान एवढे मोठे का दिसतात, हा प्रश्न मला मागच्या वर्षी संक्रांतीनंतर पडला. लोहाऱ्यात आमच्या शाळेच्या व्हरांड्यात रक्ततपासणीचं शिबिर होतं आणि मी वडिलांच्या मागं रांगेत उभा होतो. नाकासमोर अप्पांचा कान. खांदे उतरलेले, मान बारीक झालेली, सदरा अंगावर लोंबतोय. कान तेवढा अजून वाढीला लागल्यासारखा. खरंच वाढतो, की बाकीचा माणूस आटत जातो म्हणून कान उरल्यासारखा वाटतो? असले रिकामटेकडे प्रश्न मला सारखे पडतात. मी शाळेत क्लार्क आहे. दाखले लिहिता लिहिता डोकं मोकळंच असतं. पण बोलत मी कुणाशी नाही. बायको म्हणते, "तुमच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे आडात पडलेली घागर काढल्यासारखं."

अशा माणसाच्या तोंडातून एकच शब्द चटकन निघाला आणि तो खोटा होता.

चार दिवसांनी दोन कागद आले. अप्पांचं वय ऐंशी, सगळं ठीक. माझं वय बावन्न, जेवणानंतरची साखर दोनशे दहा. डॉक्टर म्हणाले, "लगेच गोळी नको. तीन महिने गोड बंद करा, रोज चाला, मग परत तपासू." मी मान हलवली आणि घरी आलो. घरात संक्रांतीच्या शेंगाच्या पोळ्या अजून डब्यात होत्या. शेंगदाण्याचं कूट आणि गूळ भरलेली ती पोळी शिळी झाली की जास्त चांगली लागते. ती का, हाही एक प्रश्नच आहे. मी एक उचलली, घास मोडला, आणि बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "रिपोर्ट आले का ओ? कुणाला काय निघालं का?"

"अप्पांना," मी म्हणालो. "शुगर."

का म्हणालो? वर्षभर मी याची बरीच कारणं शोधली. तोंडात घास होता, नीट बोलता आलं नाही, वगैरे. खरं कारण असं की मला डबा दिसत होता आणि त्याचं झाकण लागताना दिसत होतं. दुसरं कारण त्याहून खालचं आहे. ऐंशीच्या माणसाला शुगर शोभते. बावन्नच्या माणसाला ती निघाली म्हणजे तो म्हातारा झाला. मला म्हातारं व्हायचं नव्हतं. अप्पा तसेही झालेलेच होते.

अप्पांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, "बरं. हाय तर हाय."

दुसऱ्या दिवसापासून बायकोनं पथ्य हातात घेतलं. मोबाइलवर बघून बघून ती तरबेज झाली. सकाळी कारल्याचा रस, रात्री भिजवलेल्या मेथ्या, बिनसाखरेचा चहा, भात बंद. ज्वारीच्या भाकरीला मात्र तिनं मानाचं पान दिलं, कारण मोबाइलमधल्या बाई म्हणाल्या होत्या की ज्वारी फार गुणाची. अप्पा हसले. "गहू परवडत न्हवता म्हून जलमभर ज्वारी खाल्ली. आता म्हनं तीच औषध!" पण कारल्याचा रस प्यायचे. पेला हातात घेऊन डोळे मिटायचे आणि एका दमात. प्यायल्यावर सगळं अंग शहारायचं, ते कानसुद्धा.

मी शेजारी बसून साखरेचा चहा प्यायचो.

तीन महिने झाले तेव्हा बायको म्हणाली, "परत तपासायचं होतं ना अप्पांचं?" मी म्हणालो, "धाराशिवला गेलो होतो तेव्हा तिथल्या डॉक्टरांना कागद दाखवला. म्हणाले, पथ्य छान चाललंय, हेच चालू ठेवा." धाराशिवला मी गेलो होतो हे खरं होतं. शाळेच्या कामासाठी महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ऑफिसला जावंच लागतं. पण तिथं मी कुठल्या डॉक्टरकडं गेलो नव्हतो. स्टँडजवळ उभं राहून गरम गुलाबजामून खाल्ले होते. आमच्याकडचा खवा असा की पहिला जामून तोंडात कधी संपतो कळतच नाही, म्हणून दुसरा घ्यावा लागतो. पूर्वी मी घरी डबा भरून न्यायचो. आता नेत नव्हतो. अप्पांना शुगर ना! त्यांच्यासमोर कशाला? एवढा विचारी मुलगा होतो मी.

अप्पांचा एक मित्र आहे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. संध्याकाळी दोघं स्टँडसमोरच्या लिंबाखाली बसतात. पूर्वी तिथं कंडक्टरांचाच वरचष्मा असायचा. गुडघे, मोतीबिंदू, बीपी, सगळं त्यांच्याकडं होतं आणि अप्पांकडं काहीच नव्हतं. काहीच दुखत नसलेल्या म्हाताऱ्याला त्या बैठकीत कोण विचारणार? आता अप्पांना विषय मिळाला. एकदा त्यांना बोलवायला गेलो तर कंडक्टर विचारत होते, "मग किती हाय म्हनं तुमची?"

"दोनशे धा."

"हात्तिच्या! आमची अडीचशे."

"आसल. पर तुमाला रोज दोन गोळ्या लागतात. आमी बिनगोळीची ठिवलीय."

कंडक्टर आपला गुडघा चोळायला लागले. अप्पांनी माझ्याकडं विजयी नजरेनं बघितलं. माझी साखर सांभाळत होते बिचारे आणि मी चपलेच्या टोकाकडं बघत होतो.

खरा त्रास वेगळाच होता. गोड काहीही केलं की अप्पा आपला वाटा मला द्यायचे. गौरीला पुरणपोळी झाली, त्यांनी ताटातली उचलून माझ्या ताटात ठेवली. दसऱ्याला बासुंदी, वाटी सरकवली. "तू खा लेका. वाया कशाला?" आणि मी खायचो. नाही म्हणायचं तर का नाही म्हणायचं, ते सांगावं लागलं असतं. म्हणजे शुगर असलेला माणूस दोघांचं खात होता आणि नसलेला कारलं पीत होता.

मला तहान फार लागायला लागली होती. चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटत होता. लहानपणी ऐकलं होतं की पूर्वी शुगर लघवीला लागणाऱ्या मुंग्यांवरून ओळखायचे. एक दिवस कुणी नाही असं बघून मी न्हाणीच्या मागं वाकून मुंग्या शोधल्या. होत्या! मी आणखी खाली वाकलो. मग नीट बघितलं तर भांडी घासताना बायकोच्या हातून गुळाचा खडा पडला होता. तेवढ्यात ती मागून आली. "काय हरवलं?" म्हणाली. मी म्हणालो, "मुंग्या एका ओळीत का जातात ते बघतोय." तिला ते पटलं. माझ्या रिकामटेकडेपणाची अशी कधी कधी मदत होते.

मग येळवस आली.

आमच्याकडं थंडीतल्या त्या वेळ अमावास्येला गावात माणूस सापडत नाही. सगळी शेतात. ज्वारी पोटऱ्यात असते, हरभरा फुलात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून झोपडीसारखी कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडायचे, त्यांची पूजा करायची. पिकावर आंबील शिंपडत काही शब्द म्हणायचे. ते शब्द निम्मे कानडी वाटतात, पण कानडी येणाऱ्या माणसांनाही त्यांचा नीट अर्थ लावता येत नाही. मी बऱ्याच जणांना विचारून बघितलं आहे. आणि मग जेवण: सगळ्या शेंगांची आणि पालेभाज्यांची मिळून पातळ भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, मडक्यातली गार आंबील आणि गव्हाची खीर. येईल त्याला जेवायला बसवायचं. नको म्हणणं हा त्या शेताचा अपमान.

आदल्या येळवशीला अप्पांनी तीन वाट्या खीर खाल्ली होती. मोजायचं कारण नव्हतं, पण मी मोजली होती, कारण मी चार खाल्ल्या होत्या.

या वेळी कंडक्टर आमच्याकडं येऊन भज्जी जेवून गेले. येळवशीला एकाच शेतात पोट भरून चालत नाही, त्यामुळं ते पुढच्या बांधाला गेले. कोपीत आम्ही तिघंच उरलो. बायकोनं खिरीचं पातेलं उघडलं. गूळ, वेलदोडा, वर खोबऱ्याचे काप. अप्पांनी आपल्या ताटावर पंजा धरला. "साकू," म्हणाले. पुरे म्हणायचं झालं की ते कानडीवर जातात; माझी आजी कानडी मुलखातली, तिची सवय त्यांना लागली.

"मला म्हाईताय तुम्हाला नको," बायको म्हणाली. "ही ह्यांची वाटी."

बायको वाटी माझ्याकडं देत असताना अप्पांनी मधेच हात पुढं केला. "थांब. जरा बगू दे."

त्यांनी वाटी दोन्ही हातांत घेतली, नाकाजवळ नेली आणि वास घेतला. सावकाश. डोळे मिटून, कारल्याच्या वेळी मिटतात तसे. मग वाटी माझ्यापुढं ठेवली. "झक्कास झालीय गं. गूळ बरोबर पडलाय. खा लेका, माझ्या वाटची बी खा. फुडच्या येळवशीला आसन नसन, वास तरी घेतला."

मी घास उचलला. तो परत वाटीत सोडला.

"अप्पा," मी म्हणालो, "तुम्हाला शुगर नाही."

"कमी झाली व्हय?"

"नव्हतीच. माझी होती ती. दोनशे दहा माझी. मी तुमच्या नावावर सांगितली."

बायकोच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला. डावातून खीर ठिपकत होती. कुणीतरी तो डाव धरावा असं मला वाटत होतं, पण उठवत नव्हतं.

"का?" अप्पांनी विचारलं.

"पोळी खायची होती," मी म्हणालो. अकरा महिने शोधलेली सगळी कारणं एका वाक्यात संपली.

"म्हंजी मला काय झालंय?"

"काहीच नाही, अप्पा."

"काईच न्हाय?" त्यांचा आवाज पडला. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. ते जरा हिरमुसलेच. मग त्यांच्या डोक्यात हिशेब शिरला. "आन म्या रोज सकाळी ते कारलं?"

मी ताटातला उंडा उगाच मोडला.

"अकरा म्हैने!" बायको ओरडली. तिनं डाव पातेल्यात आपटला. "अहो, मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या चहात साखर घातली नाही! पाहुण्यांच्या घरी गेलो तर लाडू काढून घेतले त्यांच्या हातातनं! आणि तुम्ही शेजारी बसून..." ती माझ्यावर चिडली होती, पण रडत होती ती अप्पांसाठी. की माझ्यासाठी? दोनशे दहा हा आकडा आता तिच्याही ध्यानात येत होता.

अप्पांनी हात लांब केला आणि माझ्यापुढची वाटी उचलली. "आन हिकडं," म्हणाले. पहिली वाटी त्यांनी चाटूनपुसून खाल्ली. दुसरी बायकोनं न विचारता वाढली. दुसरी संपवून त्यांनी मिशी पुसली आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता शिव्या.

"लिंबाखाली ह्ये बोलू नगंस," अप्पा म्हणाले. "तिथं माझी दोनशे धाच हाय."

त्यावर बायको रडता रडता हसली. मला हसता आलं नाही. उंडा आणि भज्जी खाल्ली आणि पाणी प्यायलो.

आता कारल्याचा रस मी पितो. करते बायको, पण आणून देतात अप्पा. स्वतः. पेला हातात दिला की समोर खुर्ची ओढून बसतात आणि पेला रिकामा होईपर्यंत उठत नाहीत. संध्याकाळी लिंबाला जाताना मलाही चालत नेतात. एकदा वाटेत मी विचारलं, म्हाताऱ्या माणसांचे कान मोठे का होतात? म्हणाले, "घरातल्यांचं खोटं आयकून आयकून." हे त्यांनी हसत म्हटलं. तरी माझं पाऊल चुकलं.

परवा तपासायला गेलो. दोघांचंही तपासायचं, असं अप्पांनीच ठरवलं. मी म्हणालो, तुम्हाला कशाला सुई? म्हणाले, "मला आता तुझा भरोसा न्हाय." हे मात्र हसत म्हटलं नव्हतं.

दुपारी निकाल घ्यायला गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, मुलाच्या मोबाइलवर पाठवू का?"

"न्हाय. हितंच वाच. मोठ्यानं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी होकार दिला. "आजोबा, तुमचं नॉर्मल आहे. एकदम छान."

"मला म्हाईताय. त्येचं वाच."

"काकांची एकशे ब्याण्णव."

"वाढली का उतरली?"

"आधी किती होती?" तिनं पेन उचलून विचारलं.

बाकावर अप्पांच्या शेजारी चार-पाच माणसं बसली होती. एक तर आमच्या शाळेतल्या मुलाचे वडील. मी हळू आवाजात आकडा सांगितला. अप्पांनी आपला तो भलामोठा कान माझ्याकडं वळवला. त्यांना पलीकडच्या गल्लीतलं ऐकू येतं.

"आयकू न्हाय आलं," म्हणाले.

"दोनशे दहा, अप्पा," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझी होती."

मुलीनं तो आकडा लिहून घेतला, माझ्या नावापुढं. मग अप्पा कमरेवर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "उतरलीय. चल."